एक बाजू मोकळी

अल ऐनच्या कामगार कचेरीसमोर आमचं टायपिंग सेंटर :
तीन टेबलं, घरघरणारा एसी,
शेजारच्या कॅफेटेरियातून येणारा करक चहाचा वास.
अरबी अर्ज पन्नास दिरहम, इंग्रजी चाळीस,
रडणं फुकट.

वकिलाने मसुदा परत पाठवला.
समासात लाल शाईने एकच शब्द :
कोजंट.
म्हणजे, तसा करा.

मी बाणकोटची. सतरा वर्षं इंग्रजी बडवतेय,
तरी अर्थ शोधावा लागला.
पटेल असा. बिनतोड.
आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत मूळ :
लॅटिन. को म्हणजे एकत्र, आगेरे म्हणजे हाकणे.
पांगलेली जनावरं हाकून
एका जागी आणणे.

समोर मायाप्पा कोळेकर. तालुका जत.
वाळूतल्या इज्ब्यावर दोनशे शेरडं, अकरा उंट,
सात महिने पगार नाही.
पुरावे बिस्किटाच्या डब्यात :
बँकेची घडी पडून फाटलेली चिठ्ठी,
मालकाचा आवाज असलेला फुटका मोबाईल,
आणि का कोण जाणे, उंटाच्या दाव्याचा तुकडा.

मामा, म्हटलं, हा शब्द तुमच्याच धंद्यातला निघाला.
मी हसले. तो हसला नाही.
“तुमास्नी हाकता येतं?”
नाही.
“मागनं नुसतं हुर्र केलं की फाकत्यात.
चारी अंगानं घेरली
की उन्हात गोल हुबी ऱ्हात्यात,
एकमेकीच्या पोटाखाली डोकी घालून.
एक बाजू मोकळी ठिवायची, बाई.
आपल्याला पायजे ती.
मग त्यास्नी वाटतं, आपणच निघालो.”

मी मसुदा पुन्हा उघडला.
‘घोर अन्याय’ तीनदा होता, तिन्ही पुसले.
‘गरीब’ पुसलं. ‘हात जोडून’ पुसलं.
बँकेची चिठ्ठी पुढे घेतली, ती म्होरकी,
तिच्यामागे तारखा, तारखांमागे मालकाचा आवाज.
आणि शेवटी, वकिलाला न विचारता, एक ओळ :
कामाच्या गडबडीत मालकांच्या लक्षातून राहिलं असावं.
दाव्याचा तुकडा त्याला परत दिला.

खिडकीतल्या कारकुनाने वाचलं. पुन्हा वाचलं.
“हुज्जा कविय्या,” म्हणाला.
मायाप्पा दचकला.
“म्या कुठं हुज्जत घातली, सायेब?”

त्याला बाहेर बाकावर बसवून सांगितलं :
मामा, शब्द इथलाच. इथे त्याचा अर्थ पुरावा,
भक्कम मुद्दा. तुमचं कौतुक केलं त्याने.
कधीतरी निघाला असेल समुद्रावरून,
नाहीतर कुणाच्या दफ्तरातून,
आणि आपल्या बाजारात उतरेपर्यंत
त्याचा घसा बसला, स्वभाव बिघडला.
“आपल्याकडं त्याचं कुणी ऐकलं नसंल,”
मायाप्पा म्हणाला,
“मग वरडाय लागला.”

तीन आठवड्यांनी मालक आला.
लक्षातून राहिलं, म्हणाला,
नेमक्या त्याच फटीतून बाहेर पडला,
पांढऱ्या कंदुऱ्यावर एक सुरकुती नाही.
चेक लिहिला.
चेक परत आला.
पटलं होतं, वटलं नव्हतं.

दुसरा वटला. सातांपैकी चार महिन्यांचा.
उरलेले तीन?
“फाकले,” मायाप्पा म्हणाला,
आणि माझे चाळीस दिरहम मोजून ठेवले
सुट्ट्या नाण्यांत.

जाताना त्या शब्दाचं नाव डब्याच्या झाकणावर लिहून घेतलं.
मी मार्करने, देवनागरीत, ठळक.
को जं ट, त्याने बोट ठेवून वाचलं.
“शेरडाला नाव बरं हाय.”

आता नवा मालक, स्वैहानच्या बाजूला कुठेतरी.
परवा त्याचा व्हॉइस मेसेज आला, चुकून लागलेला :
वारा, घुंगरं, लांब एक पाण्याचा टँकर,
आणि वैतागलेला आवाज,
“ए कोजंट! वळ की मागं!
कोजंट! आगं ए भवाने!”